सीमध्ये टेम्पररी फाइल हवीय? नाव जुळवत बसू नका, सिस्टमकडून फाइलच मागा

समजा जत्रेचा दिवस आहे, देवस्थानाच्या ऑफिसात एकच लिनक्स मशीन, त्याला दोन टर्मिनल लावून दोन काउंटर चालू केलेत, एकावर अभिषेकाच्या पावत्या आणि दुसऱ्यावर ओटी आणि देणगीच्या. प्रोग्राम सीमध्ये लिहिलेला, साधाच आहे, नाव-गाव-रक्कम घेतो, पावतीचा मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत लिहितो, ती फाइल प्रिंटरला पाठवतो आणि नंतर पुसून टाकतो. लिहिणाऱ्या पोराने फाइलीचं नाव ठरवलं ते असं: पुढे 'पावती' आणि मागे टाइम फंक्शनने दिलेला आकडा. आदल्या दिवशी ट्रायल घेतली तेव्हा सगळं मस्त चाललं, कारण ट्रायलला एकच माणूस बसला होता. जत्रेला दोन्ही काउंटरवर एकाच सेकंदाला एंटर दाबलं गेलं, दोन्हीकडे नाव एकच तयार झालं, एफओपनने 'डब्ल्यू' मोडमध्ये फाइल उघडली म्हणजे आधी लिहिलेलं सगळं शून्य केलं, आणि साखळीहून अभिषेकाला आलेल्या माणसाच्या हातात पेडण्याच्या बाईंची ओटीची पावती. एरर कुठेच नाही, प्रोग्राम म्हणतो सगळं ओके.

हे होऊ नये म्हणून काय करायचं ते आता पायरी-पायरीने बघू. सी नुकतंच शिकलेल्यांसाठी लिहितोय, म्हणजे पॉइंटर, ॲरे आणि एफओपन-एफक्लोज एवढं येतं असं धरलंय. फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना ती इंग्रजी स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस न देता टाइप करायची (मॅक्रो, फ्लॅग, सिग्नल आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावं मात्र कॅपिटलमध्ये), आणि तयार कोड इथे नाहीये, ओळ न् ओळ सांगतोय ती स्वतः हाताने लिहा, दहा-पंधरा ओळींचं तर काम आहे.

पायरी १: घरगुती उपाय आधी डोक्यातून काढा

नवीन माणूस साधारण तीन गोष्टी करून बघतो.

पहिली, वेळ. टाइम फंक्शन सेकंदात उत्तर देतं आणि एका सेकंदात कॉम्प्युटर हजारो फाइली बनवू शकतो, त्यामुळे दोन प्रोग्राम तर सोडाच, एकाच प्रोग्राममधल्या लूपमध्येसुद्धा तेच नाव परत परत येतं. मायक्रोसेकंद घेतले तर टक्कर कमी होते, बंद होत नाही.

दुसरी, रँड. एसरँड न बोलावता रँड वापरलं तर प्रत्येक वेळी प्रोग्राम चालू केल्यावर आकड्यांची तीच माळ येते, कारण स्टँडर्डप्रमाणे सीड, म्हणजे माळ जिथून सुरू करायची तो आकडा, न दिला तर तो १ धरला जातो. मग कोणीतरी सांगतं की एसरँडला टाइम दे. दिलं. आता एकाच सेकंदाला सुरू झालेल्या दोन प्रोग्रामना एकच माळ मिळते, म्हणजे फिरून पहिल्याच खड्ड्यात.

तिसरी, प्रोसेस आयडी, म्हणजे गेटपिड. ही त्यातल्या त्यात शहाणी आयडिया, कारण एका वेळी चालू असलेल्या दोन प्रोसेसचा नंबर एक नसतो. पण एका प्रोसेसमध्ये दोन थ्रेड असतील तर दोघांना गेटपिड एकच उत्तर देणार, आणि एकाच प्रोग्रामला दोन तात्पुरत्या फाइली लागल्या तर पुढे काउंटर लावावा लागणार. शिवाय हे नंबर फिरून परत वापरात येतात, लिनक्सवर मूळ मर्यादा ३२७६८ होती, आताच्या ६४-बिट सिस्टमवर बहुतेक ठिकाणी ती ४१ लाख ९४ हजार ३०४ पर्यंत वाढवलेली असते, पण फिरतात हे खरं. काल वीज गेली तेव्हा मागे राहिलेली एखादी फाइल त्याच नंबरची निघाली की झाला घोळ.

आणि या तिन्हींची एक सामाईक अडचण आहे, नावाचा अंदाज बांधता येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे एकाच सर्व्हरवर लॉगिन करतात तिथे हे फार महत्त्वाचं. कोणीतरी खोडसाळपणे तुमच्या येणाऱ्या नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक, आधीच स्लॅश टीएमपीमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तात्पुरत्या फाइलींच्या सामाईक डिरेक्टरीत, बनवून ठेवतो आणि ती लिंक तुमच्याच असाइनमेंटच्या फाइलीकडे नेतो. तुमचा प्रोग्राम भोळेपणाने एफओपन करतो, लिंकच्या मागोमाग जातो आणि तुमची असाइनमेंट तुमच्याच हाताने साफ. आता लिनक्स कर्नलमध्ये अशा सामाईक डिरेक्टरीतल्या सिमलिंकना अडवणारी सेटिंग आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती चालू असते, पण तिच्या भरवशावर कोड लिहू नये.

पायरी २: टीएमपीनॅम दिसलं की पुढे जा

मग पुस्तक उघडलं की टीएमपीनॅम नावाचं फंक्शन सापडतं, आणि वाटतं हेच तर हवं होतं. ते १९८९ च्या पहिल्या सी स्टँडर्डपासून आहे, रिकामं असलेलं एखादं नाव शोधून स्ट्रिंग परत देतं. त्याचे दोन भाऊ आहेत, टेम्पनॅम आणि एमकेटेम्प. एमकेटेम्प तर त्याहून जुनं, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतलं, म्हणजे १९७९ चं, आणि त्याच्या काही जुन्या अवतारांत प्रोसेस नंबर अधिक एक अक्षर एवढंच असायचं, म्हणजे एका प्रोसेसला फार तर २६ नावं.

तिघांचा दोष एकच. ते तुम्हाला फक्त नाव देतात, फाइल देत नाहीत. नाव मिळालं त्या क्षणी ते रिकामं होतं, पण तुम्ही ते घेऊन एफओपनपर्यंत पोचेपर्यंत मध्ये दुसरं कोणीतरी त्या नावाची फाइल बनवू शकतं. डिचोलीच्या स्टँडवर बस लागली आणि खाली उभ्या असलेल्या कोणी सांगितलं "तिसरी सीट रिकामी आहे बघ", तर तुम्ही दारातून चढून तिथे जाईपर्यंत ती रिकामी राहीलच याची काय गॅरंटी? खिडकीतून आधी रुमाल टाकणारा जिंकतो. बघणं आणि धरणं या दोन वेगळ्या क्रिया असल्या की मध्ये फट राहते.

स्वतः आधी ॲक्सेस किंवा स्टॅटने फाइल आहे का ते तपासून मग एफओपन करणं हा पण हाच प्रकार. तपासणी कितीही वेळा करा, फट तशीच.

तुम्ही जीसीसीने टीएमपीनॅम वापरलेला प्रोग्राम लिनक्सवर बिल्ड केलात तर लिंकर स्वतःच सांगतो की हे धोकादायक आहे, त्यापेक्षा एमकेएसटेम्प वापरा. प्रोग्राम तरी चालतो, म्हणून पोरं ती ओळ बघत पण नाहीत. पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टमचं सामाईक स्टँडर्ड, त्याने २००८ च्या आवृत्तीत टीएमपीनॅम आणि टेम्पनॅमवर कालबाह्य असा शिक्का मारला आणि एमकेटेम्प तर काढूनच टाकलं. तेव्हा जुन्या नोट्समध्ये दिसलं तरी नवीन कोडमध्ये घालू नका.

पायरी ३: एमकेएसटेम्प, आणि इथे जरा थांबून वाचा

सगळा खेळ ओपन या सिस्टम कॉलच्या दोन फ्लॅगांवर आहे. एक ओ-क्रिएट, म्हणजे फाइल नसेल तर बनव. दुसरा ओ-एक्सक्ल, म्हणजे आधीपासून असेल तर देऊच नको, एरर दे. हे दोन्ही एकत्र दिले की "नाही ना?" हे बघणं आणि "बनव" हे करणं कर्नल एका झटक्यात करतं, मध्ये कोणालाच घुसता येत नाही, आणि त्या नावाची सिमलिंक असली तरी तिच्या मागे न जाता सरळ नकार मिळतो. एमकेएसटेम्प हेच करतं: नाव जुळवतं, या दोन फ्लॅगांनी उघडायला जातं, नकार आला तर दुसरं नाव जुळवतं, आणि शेवटी तुमच्या हातात उघडलेली फाइलच ठेवतं. नावाचा विचार तुम्ही करायचाच नाही.

आता ओळी. हेडर तीन लागतील: एसटीडीआयओ, एसटीडीलिब आणि युनिएसटीडी. एमकेएसटेम्प एसटीडीलिबमध्ये आहे. कंपाइल करताना स्टँडर्डचा स्विच कडक सी-९९ किंवा सी-११ असा दिलात तर हे फंक्शन हेडरमधून दिसेनासं होतं, कारण ते सी स्टँडर्डचं नाही, पॉझिक्सचं आहे. पूर्वी नुसती वॉर्निंग यायची, जीसीसी १४ पासून न सांगितलेलं फंक्शन वापरणं ही सरळ एरर आहे. उपाय सोपा, एक तर जीएनयू-११ स्टँडर्ड वापरा, नाहीतर सगळ्या हेडरांच्या वर अंडरस्कोर-पॉझिक्स-सी-सोर्स (टाइप करताना _POSIX_C_SOURCE) हा मॅक्रो २००८०९ आणि पुढे एल अशा किमतीने डिफाइन करा. हेडरांच्या खाली लिहून उपयोग नाही, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

त्यानंतर टेम्प्लेट. कॅरेक्टर ॲरे घ्या, चौकोनी कंस रिकामा ठेवा आणि त्यात स्ट्रिंग भरा: स्लॅश टीएमपी स्लॅश पावती, आणि शेवटी सहा कॅपिटल एक्स. बरोबर सहा, आणि अगदी शेवटी. या सहा जागी फंक्शन आपली अक्षरं भरणार.

ॲरे म्हटलं ते मुद्दाम. इथे स्टार लावून कॅरेक्टर पॉइंटर घेतला आणि त्याला डबल कोटातली स्ट्रिंग दिली तर कंपायलर एक शब्द बोलत नाही आणि प्रोग्राम चालवला की सेगमेंटेशन फॉल्ट. कारण ती स्ट्रिंग बहुतेक वेळा फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत ठेवलेली असते आणि एमकेएसटेम्प तर तिच्यातच खाडाखोड करायला निघालंय. ॲरे घेतला की तुमची स्वतःची कॉपी असते, तिच्यात कोणी काहीही लिहो. टेम्पररी फाइलीवर अडकलेल्या नवशिक्याचा कोड मला कोणी दाखवला की मी आधी हीच ओळ बघतो.

मग एक इंट घ्या, त्याला एफडी म्हणा (फाइल डिस्क्रिप्टर, उघडलेल्या फाइलीचा नंबर), आणि एमकेएसटेम्पला ॲरे देऊन उत्तर त्यात घ्या. उत्तर उणे १ आलं तर फाइल मिळालेली नाही, पीएररने कारण छापा आणि बाहेर पडा. हे तपासणं टाळू नका, कारण उणे १ घेऊन पुढे गेलात तर पुढची प्रत्येक ओळ काहीतरी भलतंच करत बसेल.

फाइल मिळाली की ॲरे छापून बघा. सहा एक्सच्या जागी कॅपिटल अक्षरं, स्मॉल अक्षरं आणि आकडे यांची मिसळ दिसेल, परत चालवा, वेगळी मिसळ. २६ अधिक २६ अधिक १० म्हणजे ६२ चिन्हं, सहा जागा, एकूण नावं होतात ५६८० कोटी २ लाख ३५ हजार ५८४. तरी एखादं आधीच घेतलेलं निघालं तर लिनक्सवरची सी लायब्ररी, जी-लिबसी, परत प्रयत्न करते, आणि असे कमीत कमी २ लाख ३८ हजार ३२८ प्रयत्न झाल्याशिवाय हार मानत नाही, जो आकडा म्हणजे ६२ चा घन. तुमच्या काउंटरवर ती वेळ यायची नाही.

मिळालेला एफडी हा नुसता नंबर आहे, त्याच्यावर एफप्रिंटएफ चालत नाही. एफडीओपन बोलवा, त्याला एफडी आणि 'डब्ल्यू प्लस' द्या, की ओळखीचा फाइल पॉइंटर हातात येतो. इथून पुढे एफप्रिंटएफ, एफगेट्स, रिवाइंड, सगळं नेहमीचं. शेवटी एफक्लोज केलं की आतला एफडी पण बंद होतो, वर परत क्लोज करू नका, कारण थ्रेडवाल्या प्रोग्राममध्ये तोच नंबर तेवढ्यात दुसऱ्या फाइलीला मिळालेला असू शकतो आणि तुम्ही भलत्याचीच फाइल बंद कराल. उलट एफडीओपननेच नल दिला तर मात्र एफडी तुमच्याच गळ्यात आहे, तिथे क्लोज आणि अनलिंक दोन्ही करा.

एफडीओपनऐवजी ॲरेमधलं नाव घेऊन एफओपन करणारे पण असतात. चालल्यासारखं वाटतं, पण एवढा खटाटोप करून फट बुजवली आणि स्वतःच परत उघडली, शिवाय पहिला एफडी उघडाच राहतो तो वेगळा. असे उघडे ठेवत गेलात तर लिनक्सवर साधारण १०२४ ला गाडी अडते आणि 'टू मेनी ओपन फाइल्स' असा मेसेज येतो.

आता नेहमी येणाऱ्या दोन अडचणी, दोन्हीत मेसेज एकच येतो, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'.

एक, नावाला शेवटी डॉट टीएक्सटी हवं असतं, म्हणून सहा एक्सच्या पुढे ते चिकटवलं जातं. मग एक्स शेवटी राहिलेच नाहीत. यासाठी एमकेएसटेम्प्स आहे, शेवटी अजून एक एस, त्याला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून शेपटाची लांबी द्यायची, डॉट धरून, म्हणजे इथे ४. हे पॉझिक्समध्ये नाही, पण लिनक्स, बीएसडी आणि मॅकवर मिळतं.

दोन, लूप. ॲरे लूपच्या बाहेर बनवला आणि आत एमकेएसटेम्प ठेवलं. पहिली पावती निघते, दुसरीला एरर. अहो पहिल्या फेरीतच एक्स खर्च झाले, आता त्या ॲरेमध्ये एक्स आहेतच कुठे? प्रत्येक फेरीला टेम्प्लेट नव्याने भरा, ॲरे लूपच्या आत घोषित करा म्हणजे प्रश्नच मिटला.

परवानगीबद्दल एक गोष्ट. फाइल ०६०० ने बनते, म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकी कोणाला काहीच नाही. भाविकांची नावं आणि रकमा असलेल्या फाइलीला हेच बरं. दुसऱ्या युजरला खरंच वाचायला द्यायची असेल तर सगळं लिहून झाल्यावर एफचेमॉडने परवानगी वाढवा, आधी नको.

पायरी ४: पुसायचं कधी

एमकेएसटेम्प फाइल बनवतं, पुसत नाही. ते काम तुमचं.

फाइलीचं नाव कोणाला सांगायचंच नसेल, म्हणजे तुमचाच प्रोग्राम लिहिणार आणि तोच वाचणार असेल, उदाहरणार्थ वर्षभराच्या देणग्यांची यादी सॉर्ट करताना मधला हिशेब कुठेतरी ठेवायचाय, तर एमकेएसटेम्पच्या पुढच्याच ओळीवर अनलिंक करून टाका. घाबरू नका, युनिक्समध्ये अनलिंक फक्त नाव काढतं, फाइल जोपर्यंत कोणीतरी उघडून ठेवलीय तोपर्यंत जिवंत असते. प्रोग्राम संपला, मेला, कोणी किल केला, कसाही गेला तरी कर्नल जागा परत घेतं. हा मला सगळ्यात आवडणारा प्रकार, मागे कचरा म्हणून राहत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, अशी बिननावाची फाइल मोठी झाली तर डीएफ म्हणतं डिस्क भरली आणि डीयू म्हणतं काहीच नाही, आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. तेव्हा उघड्या फाइलींची यादी देणारी एलसॉफ कमांड चालवा, त्यात ती 'डिलीटेड' अशी लिहून येते.

याच कामासाठी तयार फंक्शन पण आहे, टीएमपीफाइल. काही द्यायचं नाही, सरळ फाइल पॉइंटर मिळतो, बंद केला किंवा प्रोग्राम नीट संपला की फाइल गायब. हे सी स्टँडर्डमध्येच आहे म्हणून मॅक्रोची भानगड नाही. नाव लागणार नसेल तर नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, एमकेएसटेम्पकडे नंतर वळावं.

पावतीचं तसं नाही, तिथे प्रिंटरला नाव सांगावं लागतं. एफक्लोज करा, म्हणजे बफरमधलं सगळं फाइलीत उतरेल, मग एलपी कमांडला नाव द्या, ती परत आली की अनलिंक. लिनक्सवर छपाई कप्स नावाचा प्रोग्राम बघतो आणि एलपी परत येते तेव्हा फाइल कप्सकडे पोचलेली असते, त्यामुळे प्रिंटर अजून कुरकुरतोय म्हणून थांबायला नको.

मध्येच कंट्रोल-सी दाबलं तर? ॲटएक्झिटमध्ये, म्हणजे प्रोग्राम नीट संपताना चालवायच्या कामांत, अनलिंक लिहून ठेवलं म्हणजे झालं असं वाटतं, पण सिग्नलने मेलेल्या प्रोग्रामचं ॲटएक्झिट चालत नाही. सिगइंट आणि सिगटर्म या सिग्नलसाठी हँडलर, म्हणजे सिग्नल आला की चालणारं तुमचं फंक्शन, लावा, त्यात अनलिंक बोलावलेलं चालतं, ते सिग्नल हँडलरमध्ये सुरक्षित असलेल्या फंक्शनांच्या यादीत आहे. प्रिंटएफ त्या यादीत नाही, तेव्हा हँडलरमध्ये "बाय बाय" छापायचा मोह टाळा. किल उणे ९ ला मात्र कोणाकडेच उपाय नाही.

पायरी ५: ठेवायची कुठे

सवयीने सगळे स्लॅश टीएमपी लिहितात आणि साध्या कामाला ते ठीकच आहे. एलएस उणे एलडीने त्याची परवानगी बघा, शेवटी एक टी दिसेल, ती स्टिकी बिट, तिच्यामुळे तिथे कोणीही फाइल बनवू शकतं पण दुसऱ्याची पुसू शकत नाही. युजरने टीएमपीडीआयआर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिला असेल तर त्याचा मान ठेवावा, गेटएनव्हीने विचारा, नल आलं तर स्लॅश टीएमपी, आणि एसएनप्रिंटएफने टेम्प्लेट जुळवा.

फेडोरावर आणि डेबियन १३ वर स्लॅश टीएमपी हे रॅममध्ये असतं. म्हणजे रिबूट झालं की सगळं साफ, आणि तिथे दोन जीबीची फाइल ठेवलीत तर दोन जीबी रॅम गेली. मोठं असेल तर स्लॅश व्हार स्लॅश टीएमपी बघा, ते डिस्कवर असतं. सिस्टमडीच्या मूळ सेटिंगमध्ये स्लॅश टीएमपीमधल्या १० दिवस आणि स्लॅश व्हारवाल्या ३० दिवस न शिवलेल्या फाइली साफ होतात, त्यामुळे यातल्या कुठल्याच जागेला गोदाम समजू नका.

एक जागा अशी आहे जिथे स्लॅश टीएमपी चुकीचंच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्याचं महत्त्व कळतं. देणगीदारांचं रजिस्टर एका फाइलीत आहे, प्रोग्राम ते नव्याने लिहितोय, अर्धं लिहून झालं आणि जूनच्या वादळात वीज गेली. जुनं रजिस्टर शून्य झालेलं, नवं अर्धवट. म्हणून मूळ फाइलीवर कधी लिहूच नये, शेजारी टेम्पररी फाइल बनवून तिच्यात सगळं लिहावं, एफफ्लश करावं, मग एफसिंक म्हणजे डिस्कवर खरंच उतरलं याची खात्री, मग एफक्लोज, आणि शेवटी रीनेमने तिला मूळ नाव द्यावं. रीनेम अर्धवट होत नाही, बघणाऱ्याला एकतर जुनी फाइल दिसते नाहीतर नवी. वीज गेल्यावरही नाव नवीनच राहिलं पाहिजे असा आग्रह असेल तर ती डिरेक्टरी उघडून तिच्यावरही एफसिंक करा.

पण रीनेम एकाच फाइलसिस्टमच्या आत चालतं. टेम्पररी फाइल स्लॅश टीएमपीमध्ये आणि रजिस्टर स्लॅश होममध्ये असेल तर 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक' अशी एरर येते. म्हणून टेम्प्लेट रजिस्टरच्याच डिरेक्टरीतलं द्या. आणि ०६०० आठवतंय ना? रीनेमनंतर रजिस्टरची परवानगी पण ०६०० होऊन बसते आणि दुसऱ्या काउंटरवाल्याला वेगळं लॉगिन असेल तर त्याला ते उघडता येत नाही. रीनेमच्या आधी एफचेमॉडने जुन्या फाइलीसारखी परवानगी द्या.

पायरी ६: एकापेक्षा जास्त फाइली

एमकेडीटेम्प. तेच सहा एक्स, पण फाइलऐवजी डिरेक्टरी मिळते, ०७०० परवानगीची, फक्त तुमची. तिच्यात दुसरा साधा युजर शिरू शकत नाही, त्यामुळे आत साधी नावं द्या, एक-दोन-तीन चालेल. काम झाल्यावर आधी आतलं पुसा, मग आरएमडीआयआर, भरलेली डिरेक्टरी ते काढत नाही.

विंडोजवर असाल तर

एमकेएसटेम्प मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत नाही. तिथे गेटटेम्पपाथने (GetTempPath) जागा विचारायची आणि गेटटेम्पफाइलनेम (GetTempFileName) बोलवायचं. त्याला तुम्ही दिलेल्या नावातली पहिली तीनच अक्षरं तो घेतो, आणि तिसरं आर्ग्युमेंट शून्य द्या, तेव्हाच तो फाइल खरोखर बनवून ठेवतो, दुसरा कुठला आकडा दिलात तर नुसतं नाव जुळवून देतो आणि आपण परत दुसऱ्या पायरीवर. आकड्यासाठी १६ बिटच वापरतो म्हणून एका डिरेक्टरीत एका नावाच्या जास्तीत जास्त ६५५३५ फाइली, आणि जुन्या पुसल्या नाहीत तर ते हळूहळू रेंगाळायला लागतं. टीएमपीफाइल तिथे आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीत ते ड्राइव्हच्या रूटमध्ये फाइल बनवायला जायचं आणि साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नसते, त्यामुळे नल मिळायचा. शिकण्यासाठीच करताय तर विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल, म्हणजे आतच लिनक्स चालवायची सोय, टाकून वरचं सगळं जसंच्या तसं करा, त्रास वाचेल.

कुठल्याच सिस्टमवर अवलंबून राहायचं नसेल तर सी-११ ने एफओपनला 'एक्स' हे अक्षर दिलंय, 'डब्ल्यूएक्स' असं लिहिलं की फाइल आधीच असेल तर नल येतो. नाव तुम्ही जुळवा, नल आला आणि कारण 'फाइल आहे' हेच असेल तर पुढचं नाव. कारण न बघता नुसता नलवर लूप फिरवलात तर डिस्क भरलेली असताना तो लूप कधीच थांबणार नाही.

तपासून बघा

छोटा प्रोग्राम लिहा, लूपमध्ये एमकेएसटेम्पने हजार फाइली बनवणारा, प्रत्येक वेळी नवीन टेम्प्लेट, प्रत्येक वेळी एफडी क्लोज, अनलिंक मात्र नाही. चाचणीसाठी एक रिकामी डिरेक्टरी करा आणि टेम्प्लेट तिच्यातलं द्या. दोन टर्मिनल उघडून दोन्हीकडे एकदमच चालवा आणि मग एलएसचं उत्तर डब्ल्यूसी उणे एलला पाइप करून मोजा, २००० यायला हवेत. आता तोच प्रोग्राम टाइमच्या नावाने आणि एफओपनने लिहून चालवा, हातात दोन-चार फाइली राहतील.

शेवटी पहिला प्रोग्राम एसट्रेसखाली चालवा, ही कमांड प्रोग्रामने केलेले सिस्टम कॉल दाखवते. आउटपुट लांबलचक येईल, त्यात ओपनॲट अशी ओळ शोधा, तुमच्या फाइलीचं नाव असलेली. त्याच ओळीत ओ-क्रिएट, ओ-एक्सक्ल आणि पुढे ०६०० लिहिलेलं सापडेल. बघून झालं की चाचणीची डिरेक्टरी पुसून टाका, दोन हजार फाइली तशाच ठेवू नका.